आक्काच्या पाच वह्या आणि संपादकाचे प्रश्न

आपल्या वस्त्यांमधून आज लिहिणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. रेल्वेतून, गोदीतून, पालिकेतून निवृत्त झालेला माणूस घरी बसला की चार-सहा महिन्यांत वही घेऊन बसतो. जे सोसले, जे पाहिले, ते मुला-नातवंडांना कळावे ही त्याची तळमळ असते. मग फंडाच्या पैशातून पुस्तक छापले जाते. प्रकाशनाला मंडप, हार, पाहुणे सगळे होते. आणि वर्षभराने पाहावे तर गठ्ठ्यांची सुतळीही सुटलेली नसते, सगळे गठ्ठे कॉटखाली. घरातले लोक हळूच म्हणतात, "कोणी वाचत नाही हो आजकाल."

हे पूर्ण खरे नाही. लोक वाचतात. परंतु वही लिहून होणे आणि पुस्तक छापून येणे यांच्यामध्ये एक काम असते, आणि ते काम असते हेच आपल्याला कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीत त्याला डेव्हलपमेंटल एडिटिंग म्हणतात. मराठी प्रकाशनाच्या जगात त्याला संपादकीय संस्कार म्हणतात. मी आपली त्याला बाडाची बांधणी म्हणते. शुद्धलेखन तपासणे म्हणजे हे काम नव्हे. पुस्तक कशाबद्दल आहे, कोणासाठी आहे, सुरुवात कुठून व्हावी, काय दोनदा आले आहे आणि काय आलेलेच नाही, हे लेखकाबरोबर बसून पाहायचे काम ते हे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या पुस्तकाच्या निमित्ताने हे काम मी जवळून पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही माण तालुक्यातले. आक्काचा जन्म १९५९ चा, माझा १९६६ चा. ती सातवीपर्यंत शिकली. लग्न होऊन मुंबईला आली. भाऊजी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि घरातली चूल थंडावली. पुढच्या वर्षी आक्का एका रुग्णालयात आया म्हणून लागली ती २०१७ साली निवृत्त झाली. त्यानंतर तिने पाच वह्या लिहून काढल्या, दोनशे पानी. तिच्या सुनेने त्या संगणकावर उतरवल्या. सून एकदा मला म्हणाली, "मावशी, टाइप करताना माझे डोळे कितीदा भरून आले. पण खरं सांगू का, मध्येच कुठे आहोत तेच मला कळत नव्हतं."

ते बाड आम्ही आधी पैसे घेऊन पुस्तके छापून देणाऱ्या एकाकडे नेले. त्याने तीनशे प्रतींचा खर्च सांगितला, त्यात "संपादनासह" असा शब्द होता. पाच हजार आगाऊ घेतले. महिन्याने पाने परत आली ती अशी: ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, आणि आईच्या तोंडचे बोल पाठ्यपुस्तकातल्यासारखे केलेले. दुष्काळात मिळणाऱ्या "सुकडी"चा "पौष्टिक आहार" झाला होता. आक्काने ते पान हातात धरले आणि म्हणाली, "ही बाई कोण? ही माजी आई न्हाई." ते काम आम्ही तिथेच थांबवले.

पुढे ओळखीतून एक मॅडम भेटल्या, महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बऱ्याच नव्या लेखकांची बाडे त्यांनी वाचून दिली आहेत. त्यांनी आधी दोनच प्रकरणे मागवली, त्यावर दीड पानाचे टिपण विनामूल्य लिहून दिले आणि म्हणाल्या, "ताई, हे टिपण तुम्हाला पटलं तरच पुढे जाऊ." मानधन आठ हजार, दोन हप्त्यांत. काय करणार, काय करणार नाही, हे कागदावर लिहून दिले. त्यात एक वाक्य होते की शेवटचा निर्णय लेखिकेचा राहील.

पहिल्या वाचनात त्यांनी हातात पेन्सिलही घेतली नाही. सगळे बाड शेवटपर्यंत वाचले. मग आक्काला दोन प्रश्न विचारले. "हे पुस्तक कोणी वाचावं असं तुम्हाला वाटतं?" आणि "कोणी विचारलं पुस्तकात काय आहे, तर दोन वाक्यांत काय सांगाल?" आक्का गप्प बसली. घरी येताना लोकलमध्ये म्हणाली, "चारशे पानं लिवली, आन् दोन वाक्यं सापडंनात." पंधरा दिवसांनी सापडली. पुस्तक रुग्णालयात काम करणाऱ्या बायकांनी वाचावे. आणि त्यात आहे ते असे की दुसऱ्यांची आजारपणे काढता काढता एका बाईने स्वतःचे घर कसे उभे केले. ही दोन वाक्ये झाल्यावर निम्मे प्रश्न आपोआप सुटले. गावच्या पाटलाच्या भांडणाची तीस पाने या दोन वाक्यांत कुठेच बसत नव्हती.

नंतर मॅडमनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एक तक्ता केला. प्रत्येक प्रकरणापुढे रकाने: वर्ष, जागा, माणसे, काय घडते, वाचकाला कोणता प्रश्न पडतो. हा तक्ता भिंतीला लावला तेव्हा बाडाचा एक्स-रेच समोर आला. १९७२ च्या दुष्काळाची हकीगत चार ठिकाणी आली होती, मिलो ज्वारीसकट. पहिल्याच प्रकरणात सदतीस नातेवाईक येत होते आणि त्यातले तीसजण पुन्हा कधी भेटत नव्हते. संप सुरू झाला तेव्हा थोरला मुलगा एका वहीत रांगता होता, दुसरीत बालवाडीत जात होता. आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतली रात्रपाळी, जी आक्का बोलताना इतकी रंगवून सांगते, ती सगळ्या बाडात मिळून अडीच पाने!

यावर मॅडमनी सात पानांचे पत्र दिले. "हे काढा, ते घाला" अशी हुकमाची भाषा त्यात कुठेच नव्हती. सगळे प्रश्न होते. "दुष्काळ चारदा सांगण्याऐवजी एकदाच पूर्ण सांगितला तर?" "रात्रपाळीत पहिल्यांदा मृत्यू पाहिलात, त्या रात्री घरी येऊन काय केलंत?" "आईचे शब्द गावच्या बोलीत आहेत तसेच राहू देत, तुमचं स्वतःचं निवेदन कोणत्या भाषेत हवं ते तुम्ही ठरवा, मात्र ठरवल्यावर शेवटपर्यंत तेच ठेवा."

आता आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात येईल, आणि माझ्याही मनात आले, की आपले जगणे आपण सोसलेले, त्याला दुसऱ्याने हात का लावावा? ही शंका उगाच आलेली नाही. आपल्या माणसांची भाषा अशुद्ध, अनुभव भडक, असे ऐकत आपल्या लेखकांच्या पिढ्या गेल्या. मराठीत मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथे'चे राम पटवर्धन हे बारकाईने संपादन करणारे म्हणून ओळखले जात. त्याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी जाळला, कारण साहित्य कशाला म्हणायचे हे मोजक्यांनीच का ठरवावे, हा त्यांचा सवाल होता. पुढे औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने कितीतरी नव्या हातांना लिहिते केले. तेही संपादकच होते. म्हणजे प्रश्न संपादक असावा की नसावा हा नाही. तो काय विचारतो आणि कशासाठी विचारतो, हा आहे.

याचे मोजमाप मला बाबासाहेबांच्याच दोन पुस्तकांत सापडले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२२ साली लंडन विद्यापीठाकडे गेला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेब मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा लिहून पाठवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. निष्कर्ष सोडले नाहीत, मांडणी बदलली. त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्यांनी आपले गुरू प्रा. एडविन कॅनन यांचे आभार मानले आहेत, कारण कॅनन यांच्या कठोर तपासणीमुळे आपण अनेक चुकांतून वाचलो असे ते सांगतात. मतांची जबाबदारी मात्र कॅनन यांची नाही, हेही स्पष्ट करतात. खुद्द कॅनन यांनी आपल्या प्रस्तावनेत लेखकाशी आपले मतभेद असल्याचे लिहिले आहे. आणि मुद्रिते तपासल्याबद्दल विल्सन कॉलेजच्या प्रा. वाडियांचे आभार वेगळे मानलेले आहेत. म्हणजे विचारांची मांडणी तपासणारा वेगळा आणि छपाईच्या चुका काढणारा वेगळा, हा भेद शंभर वर्षांपूर्वीच्या त्या एका प्रास्ताविकात स्वच्छ दिसतो.

दुसरे पुस्तक १९३६ चे, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण आधी वाचून त्यातला काही भाग गाळावा अशी मंडळाची इच्छा होती. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद झालीच नाही. भाषण त्यांनी स्वतः छापले आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

एकाच माणसाने एकदा बाड पुन्हा लिहिले आणि एकदा स्वल्पविरामही हलवला नाही. यात विसंगती नाही. पहिल्या वेळी म्हणणे अधिक पक्के होत होते, दुसऱ्या वेळी म्हणणेच काढून घेतले जात होते. आपल्यासमोर कोणी लाल पेन घेऊन बसला की हाच प्रश्न स्वतःला विचारावा: याच्या सूचनेने माझे म्हणणे नीट उभे राहते आहे, की नाहीसे होते आहे? ज्याने सुकडीचा पौष्टिक आहार केला त्याने आईला नाहीसे केले. मॅडमचे प्रश्न मात्र आईला अधिकच समोर आणत होते.

परदेशातलेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या लेखिका हार्पर ली यांनी १९५७ साली लिपिनकॉट या प्रकाशनाकडे एक कादंबरी दिली. मोठी झालेली नायिका गावी परत येते, अशी तिची कथा. संपादिका टे होहॉफ यांना त्यातल्या लहानपणीच्या आठवणींत खरे पुस्तक दिसले. लेखिकेने सुमारे अडीच वर्षे पुन्हा पुन्हा लिहिले. १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' निघाले. खोट्या आरोपात अडकलेला कृष्णवर्णीय माणूस आणि त्याचा खटला एका लहान मुलीच्या नजरेने त्यात येतो. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पहिले बाड २०१५ साली वेगळे छापले गेले, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. शब्द लेखिकेचेच. संपादिकेने दाखवले ते एवढेच की घराचे दार कोणत्या बाजूला असावे.

आपल्याकडेही दार शोधावे लागलेच. दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'मध्ये शिकलेला दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. ही मांडणी नसती तर ते पुस्तक तसे झाले नसते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. मॅक्सिन बर्नसन यांनी ते पाहिले, प्रोत्साहन दिले, ते 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली 'जिणं आमचं' हे पुस्तक झाले. पहिला नेटका वाचक मिळणे किती मोलाचे असते ते यावरून कळावे.

आता आक्काच्या बाडातला सर्वांत अवघड प्रश्न. पत्राच्या पाचव्या पानावर मॅडमनी लिहिले होते, "सातवीनंतर शाळा सुटली, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. पुढे धाकटी बहीण शिक्षिका झाल्याचा आनंद मात्र चार पाने आहे. या दोन्हींच्या मध्ये काहीतरी आहे का?"

आमच्या घरात ही गोष्ट पन्नास वर्षे एकाच पद्धतीने सांगितली जाते. दुष्काळ पडला, दोघींचे शिक्षण झेपेना, आक्का दादांना म्हणाली, "मला नको, धाकटीला घाला." मी हेच ऐकत मोठी झाले. शाळेत मुलांना त्यागाची गोष्ट म्हणून मी हेच सांगितले आहे.

आक्काने तीन आठवडे वहीला हात लावला नाही. मग एका रविवारी तिने सहा पाने लिहून काढली आणि सुनेला न देता माझ्या हातात दिली. त्यात होते ते असे. तिला कोणी विचारलेच नव्हते. ती खडी फोडायला गेली असताना तिचे नाव शाळेतून कमी झाले होते. हजेरीपटावर आणखी एक माणूस लागले की घरात तेवढी मजुरी आणि सुकडी जास्त येत होती. त्याच वर्षी मला पहिलीत घातले. नवी पाटी आली. आक्काने ती पाटी दोनदा चुलीमागे लाकडांत लपवली. वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही. "मला नको, धाकटीला घाला" हे वाक्य तिने लग्नानंतर तयार केले, कारण ते सांगितले की आई रडायची थांबत असे.

मी ती पाने दोनदा वाचली. आक्का समोर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुला वाईट वाटंल म्हणून लिवलं न्हवतं. तू सहा वरसाची. तुजा काय संबंध?" मी म्हणाले, "राहू दे हे पुस्तकात." ती म्हणाली, "लोकं दादांना नावं ठेवतील." त्यावर आम्ही दोघी उशिरापर्यंत बोलत बसलो. दादांनी पोरगी खडीवर पाठवली हे खरे, आणि त्या वर्षी दादा स्वतः एकवेळ जेवत होते हेही खरे. शेवटी आक्काने सातवे पान लिहिले, दादांचे. मॅडमनी त्यातला एकही शब्द बदलला नाही.

काढून घेतलेली शाळा आणि आपण होऊन सोडलेली शाळा यांत फार फरक आहे. आपल्या घराघरांत अशा गोष्टी असतात. सोसलेले गोड करून सांगायची आपल्या बायाबापड्यांना सवय असते. चांगला संपादक त्या एका ओळीशी थांबतो आणि विचारतो. उत्तर द्यायचे की नाही, हा हक्क मात्र लेखकाचा.

आक्काने हा हक्क उलट बाजूनेही वापरला. विहारासाठी रुपया-दोन रुपये देणाऱ्या वस्तीतल्या एकसष्ट बायांची यादी मधल्या प्रकरणात होती. मॅडमचे मत होते की तिथे वाचक थबकतो, यादी काढावी. आक्का म्हणाली, "मॅडम, ही नावं दुसरीकडं कुटंच लिवलेली न्हाईत. गेली तर गेलीच." मॅडमनी विचार केला. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथाचा त्यांनी दाखला दिला. त्यात चळवळीचा इतिहास एका भागात आणि कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती दुसऱ्या भागात आहेत. तशी आक्काची यादी पुस्तकाच्या शेवटी स्वतंत्र झाली, प्रत्येक नावापुढे एक ओळ. आता ते कोणालाही अडत नाही आणि एकही बाई गळली नाही.

ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगते. कामाचा क्रम पाळावा: आधी बांधणी, मग वाक्ये, मग अक्षरजुळणी आणि सर्वांत शेवटी मुद्रितशोधन. आधीच शुद्धलेखनावर पैसे घातले आणि नंतर प्रकरण काढावे लागले, तर ते पैसे गेले. "संपादनासह" हा शब्द दिसला की विचारावे, काय तपासणार, लेखी टिपण देणार का, एक प्रकरण वाचून दाखवणार का. पुस्तक खपेल किंवा पारितोषिक मिळेल अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. तशी हमी कोणताच प्रामाणिक संपादक देत नाही. खर्चाचे म्हणाल, तर आक्काचे बाड आधी वीस फर्म्यांचे होत होते, म्हणजे तीनशेवीस पाने. आता बारा फर्मे, एकशेब्याण्णव पाने. आठ फर्म्यांचा कागद आणि छपाई वाचली.

मानधन देण्याची ऐपत नसेल तरी अडत नाही. बाड महिनाभर पेटीत ठेवावे, मग परक्याचे असल्यासारखे वाचावे. भिंतीवर तक्ता करावा, त्याला फक्त जुने कॅलेंडर लागते. तिघांना मोठ्याने वाचून दाखवावे: एक घरातला, एक शिकलेला, आणि एक असा की ज्याला आपली हकीगत अजिबात ठाऊक नाही. त्यांना "कसं वाटलं?" असे विचारू नये. सगळे चांगलेच म्हणतात. "कुठे कंटाळा आला? कुठे आणखी ऐकावंसं वाटलं?" असे विचारावे आणि उत्तर मिळताना मध्ये बोलू नये. हे जमणे कठीण आहे, पण पैसे लागत नाहीत.

आक्काचे पुस्तक आता अक्षरजुळणीला गेले आहे. पहिले प्रकरण खडीच्या खाणीपासून सुरू होते, आणि रात्रपाळीची प्रकरणे तीन झाली आहेत. छापून आल्यावर ते किती विकले जाईल ते पाहू. पण परवा तिच्या जुन्या वॉर्डातल्या दोन आया घरी आल्या होत्या. सुनेने त्यांना रात्रपाळीचे प्रकरण वाचून दाखवले. त्यातली एकजण मध्येच म्हणाली, "थांब गं, ते परत वाच." सुनेने ते परत वाचले.